मसुदा, आवृत्ती सात

अजून काहीच नाही इथे.
काळ्या मातीवर चुन्याच्या फक्कीनं मारलेलं एक वर्तुळ,
आठशे मीटर घेराचं,
आणि त्यातून बिनदिक्कत आरपार जाणाऱ्या
मोहदरीच्या अकरा शेळ्या.

सहा वर्षांनी याच रेषेखाली
इलेक्ट्रॉन धावतील, सेकंदाला पावणेचार लाख फेऱ्या.
त्यांना वळवणारी चुंबकं अजून कुणी घडवलेली नाहीत,
पंप कागदावर, बोगदा निविदेत अडकलेला,
पण त्यांचे सोळा हजार चारशे सिग्नल
माझ्या पत्र्याच्या खोलीत आधीच येऊन बसलेत,
एका तक्त्यात, बिननावाचे.

नावं ठेवायचं काम माझ्याकडे.
(दोन्ही अर्थांनी, असं कुरियन म्हणतो बंगळुरूहून,
मराठी शिकतोय तो, नको तिथून सुरुवात करून.)
नियम असा : आधी सेक्टर, मग यंत्र, मग आकडा.
मोकळी जागा चालत नाही.
काना-मात्रा-वेलांटी तर नाहीच.

रात्रपाळीचे सुखदेव पेंदाम
पाण्याची बाटली भरायला येतात,
पडद्यावरचा नकाशा बघत उभे राहतात.
‘मॅडम, हे सेक्टर चार नोहे.
हे उपयीचं वावर.
भादव्यात इथं जमिनीतून पानी उपयते,
बैलाचा पाय फसे.’

तीन महिने बोअर घेऊन
जे भूगर्भवाल्यांनी कळवलं परवा,
ते या वावराच्या नावातच होतं,
आणि मी ते पुसून चार लिहिलं होतं.

आता वर्णनाच्या रकान्यात,
जिथे चाळीस अक्षरं मावतात,
लिहिलंय : उपळीचं वावर.
कुरियन विचारतो, हे काय?
मी म्हणते, गळतीचे सेन्सर दुप्पट लागतील.

शुक्रवारच्या बैठकीत अलार्मवर अडलं सगळं.
कुणाला प्रत्येक गोष्ट लाल हवी,
कुणाला भोंगा,
सल्लागारांना प्राधान्याच्या पाच पायऱ्या.
रात्री दोन वाजता नेमकं कुणाला उठवायचं
हे कुणीच सांगेना.
मग लाइट गेली. बैठकही गेली.

अंधारात, पायरीवर,
पेंदामांनी पांढरकवड्याच्या जिनिंगचं सांगितलं.
बावीस वर्षं तिथे, रेचे यंत्रांच्या शेजारी खाट.
‘चालू असली का मस्त झोप लागे.
बंद पडली का टक्कन डोये उघडत.
आवाजानं नाही जी,
आवाज नसला म्हनून.’

लाइट आल्यावर कलम नऊ पूर्ण खोडलं.
नव्यानं लिहिलं :
प्रत्येक यंत्रानं दर सेकंदाला सांगावं, मी आहे.
तीनदा सांगितलं नाही
तर शेवटचा आकडा हिरवा दाखवत बसू नये.
बीम थांबवावा. माणूस उठवावा.
गप्प असणं म्हणजे ठीक असणं
असं या प्रणालीत कुठेही गृहीत धरू नये.

हे वाचून बघत होते,
‘गृहीत’ शब्दावर जरा रेंगाळत,
आणि जाणवलं
की बाराची शिट्टी झाली होती,
एकची झालीच नाही.
एक वाजून वीस.

फाइल तशीच उघडी टाकून टॉर्च घेतला.

पलीकडे, उपळीच्या वावरात,
मोबाइलच्या उजेडात उकिडवे बसून
ढेकळं चाचपत होते पेंदाम.
‘शिट्टीतला दाना पडला, मॅडम.
नुसती हवा जाते.’
दोघांनी शोधलं थोडा वेळ.
सोळा हजार चारशे सिग्नलमध्ये नसलेली
ती एवढीशी गोळी सापडली नाही.

‘सकायी तुरीचा दाना टाकून पाहू,’ म्हणाले,
‘तोवर दर घंट्याले ओरडतो.’

मी परत येऊन बसले.
कलम नऊ, उपकलम तीन : पर्यायी व्यवस्था.
पुढे काही सुचेना.

दोन वाजता
खरंच ओरडले.