एकेचाळीस रकाने

काल तन्वी आली, संघटनेचं पावतीपुस्तक घेऊन.
मानधनावरची पोर,
स्कूटीच्या पेट्रोलला अजून घरून पैसे मागते.
"बाई, सोमवारपासून बेमुदत. तुमचे दोन शब्द हवेत."
शंभराची पावती फाड म्हटलं.
शब्द उद्या देते.

शब्द असे पटकन निघत नाहीत.
पेन्शन निघते, एक तारखेला, मालवणच्या बँकेतून,
आणि ती कुणी मिळवली मला ठाऊक आहे:
ओरोसच्या उन्हात टेम्पोतून उतरलेल्या आम्ही बायकांनी,
पिशवीत भाकरी, घसा बसलेला.
परुळेकर गुरुजी तर निलंबनाचा कागद
लग्नपत्रिकेसारखे दाखवत फिरायचे.
संघटना नसती तर अजूनही
गावातल्या कोंबड्या मोजून
साहेबांच्या दारात उभ्या असतो.
तिला कुणी नावं ठेवली की मी भांडते,
कोळंबीवालीशीसुद्धा.

पण सर्जेकोटच्या शाळेचा तो हजेरीपट.
एकेचाळीस रकाने कोरे,
बेचाळिसाव्यापासून लवू कुबलच्या नावापुढे
माझ्याच अक्षरात गै, गै, गै,
शेवटी तांबड्या शाईची रेघ.
सातवीत होता. अपूर्णांक त्याला तोंडी यायचे.
शाळा बंद, म्हणून बापाने रापणीला नेला.
दोराने तळवे सोलले,
ते बरे झाले तेव्हा
पेन्सिल धरण्याजोगे राहिले नव्हते.
गैरहजर मी होते.
शेरा त्याला मिळाला.

हे तन्वीला सांगावं?
उद्या साहेबच माझं वाक्य
परिपत्रकात घालतील.

संध्याकाळी बंदरावर गेले.
होड्या सगळ्या वर ओढलेल्या,
पर्ससीनवाल्यांविरुद्ध तिसरा दिवस.
पुढे लवू, केस पिकलेले, हातात यादी:
कुणाचा तांदूळ संपला, कुणाच्या आईचं औषध.
खाली बेरीज. मी सवयीने तपासली. बरोबर होती.
"बाई," म्हणाला, "ह्यां तुमीच शिकयलात."
बेरीज, की होड्या ओढणं?
विचारायचा धीर झाला नाही.
त्याने बसायला मासळीची पेटी उपडी करून दिली.

तर तन्वी, तुझे दोन शब्द:
संप कर.
बाकीचं पावतीच्या मागे लिहून घे.
हजेरीपट कुलपात ठेवू नकोस, घरी ने.
घोषणा झाल्या की बंदरावर एक चक्कर मार,
रापणीला कोण नवीन दिसतं बघ,
नाव लिहून ठेव.
तांबड्या शाईने नको.