काळा किती काळा

राजारामपुरीत, सातव्या गल्लीच्या दुकानात
दोन टीव्ही शेजारी शेजारी,
आणि दोन्हींवर एकच रात्र चाललीय:
तळं, एक होडी, होडीत कंदील.

मुजावरांचा तौफिक समजावून सांगतो,
मला नाही, मालनला.
पर्स कुणाच्या काखेत आहे ते त्यानं
दारातच बघून ठेवलंय.
"मावशी, ह्या एलसीडीच्या मागं दिवा असतोय.
चित्रात अंधार असू दे, नसू दे,
मागं ह्यो जळतोच, मग काळा जरा करडा पडतोय.
आणि ह्या ओएलईडीचा एकेक ठिपका
आपला आपण पेटतो, आपला आपण विझतो.
काळा म्हंजे काळा.
वाकून बघू नका, आत पडशीला."

मी डावा डोळा झाकतो.
उजव्याचा मोतीबिंदू मे महिन्यात काढला,
डाव्याचा राहिलाय.
तेव्हापासून एका डोळ्याला धोतर निळीत घातलेलं दिसतं,
दुसऱ्याला तेच चहात बुडवलेलं.
"काका, कुठला चांगला वाटला?"
कुठल्या डोळ्यानं, पोरा?

आणि काळ्याचं मला सांगू नको.
एकतीस वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर होतो.
वाळू काळी, रुमाल काळा, सायकलची मूठ काळी,
भाकरीवर उठलेला अंगठा काळा,
पण एकासारखा दुसरा नाही.
ओल्या वाळूचा काळा हाताला गार लागतो.
रस ओतून झालेल्या वाळूचा भाजका, वास मारणारा.
आणि पॅटर्न अलगद वर उचलला
की खाली जी पोकळी राहते,
तिचा काळा ह्या ओएलईडीसारखा:
आत काही नाही.
घटकाभरात तिथं लाल रस येणार असतो,
ती गोष्ट वेगळी.

हिंजवडीतनं पोराचा फोन.
"ओएलईडीच घ्या बाबा, कमी पडतील ते मी घालतो,"
आणि त्याच दमात,
"पण आईला सांगा, बातम्या दिवसभर लावून ठेवायच्या नाहीत,
खालची पट्टी पडद्यावर कायमची उमटते."
मालन बातम्या बघत नाही.
सकाळी लावते, झोपताना बंद करते.
घरात कुणीतरी बोलतंय असं वाटतं, म्हणते.

ठसा उठण्याची मला भीती नाही.
ठसा उठवण्याचाच पगार घेतला मी.
पण तो सुरेख उठावा लागतो, कडा न ढासळता,
आणि त्यातनं पुढं काहीतरी निघावं लागतं,
पंपाचं झाकण तरी.
बातम्यांच्या पट्टीतनं काय निघणार?

"खोलीत ऊन येतंय का?" तौफिक विचारतो.
येतंय की. पश्चिमेची खिडकी.
चारच्या पुढं ऊन सरळ भिंतीवर.
पडदा लावायचा नाही ही मालनची अट,
खाली तालमीची पोरं फुटबॉल खेळतात,
कुणाचा गुडघा फुटला ते तिला आधी कळायला लागतं.
"मग ओएलईडी दुपारचा आरसा होईल,"
पोरगं इमानानं सांगतं, "तुमचीच तोंडं दिसतील."
"ती बघून झाल्यात," मालन म्हणते.

मग किमतीच्या दोन चिठ्ठ्या ती हातात धरते,
ओठ हलवत वजाबाकी करते,
आणि माझ्याकडं न बघता तौफिकला सांगते,
"ह्या फरकात ह्यांचा डावा डोळा येतोय.
मागं दिवा असलेला द्या."

आला. भिंतीवर चढला.
रात्री कुठलंसं पिक्चर लावलं,
त्यात भुयार, भुयारात चोर, सगळा काळोख.
मी दिवा घालवला, काळा किती काळा ते बघायला.

नाहीच झाला काळा.
पडदा राखेसारखा धुगधुगत राहिला,
कोपऱ्यातनं जरा जास्तच.
आणि त्या सांडलेल्या उजेडात
मालनची बोटं दिसली, सुपात शेंगा फोडणारी,
टरफल डावीकडं, दाणे उजवीकडं,
एकही न चुकता.

"इकडं काय बघताय?" ती म्हणाली,
"एवढे पैसे घातलेत,
पडद्याकडं बघा की."