तीन मागे, दोन डावीकडे

लॉनी प्रुझाकचा उजवा बूट
दीड नंबर लहान. मुद्दाम.
पाय आवळलेला असला की चेंडू कळतो, म्हणायचा.

बाकीचे चिखलात लोळत, दात पाडून घेत.
हा कडेला, जाळीत चेंडू मारत,
इस्त्री न मोडलेल्या कपड्यांत.
त्याच्याशी कुणी बोलत नसे. अपशकुन.

मग हाक यायची.
तीन पावलं मागे, दोन डावीकडे.
मान हलवायची.
सव्वा सेकंद.
तेवढ्यात घराचे हप्ते फिटतात,
किंवा फिटत नाहीत.

अकरा वर्षं, सहा शहरं.
मंगळवारी चाचणी, बुधवारी करार,
पुढच्या सोमवारी बॅग दाराशी.
डार्लीननं पडदे घेणंच सोडलं;
खिडकीला चादर, चार खिळ्यांवर.

लोकांच्या लक्षात राहिली ती एकच:
क्लीव्हलंड, जानेवारी, संध्याकाळ,
एकोणचाळीस यार्ड,
डाव्या खांबाच्या वीतभर बाहेर.
आत गेलेल्या दोनशे चौऱ्याऐंशी
त्याच्या आईनं वहीत लिहून ठेवल्यात.
दुसऱ्या दिवशी दूध घेताना
गल्ल्यावरची बाई म्हणाली,
"वाराच तसा होता रे, पोरा."
त्यानं सुटे पैसे मोजून घेतले.
वारा नव्हता.

आता ईरीत शाळेची बस चालवतो.
गेल्या मार्चात वडिलांना पुरलं.
सगळे खड्ड्याशी दाटून उभे,
आणि हा, नकळत,
तीन पावलं मागे, दोन डावीकडे,
मान वर करून
मेपलचे शेंडे हलताहेत का,
ते बघत.