बापाचा रकाना

कांडी विरघळवायला पाणी लागतं सदतीस अंशांचं.
पुस्तकात लिहिलंय, कोमट करून घ्या.
कारंजा घाडगेच्या पुढं, मे महिन्यात,
टाकीतलं पाणीच बेचाळीस असतं.
मी माठातलं ओतून ते निववते,
मग चाळीस सेकंद मोजते, मनातल्या मनात.
एकोणीस वर्षांत घड्याळ अंगात उतरलंय.

त्या साली नायट्रोजनच्या पिंपात
बारा कांड्या वेगळ्या आल्या, जांभळ्या.
साहेब म्हणाले, प्रयोगाच्या आहेत, नोंद नीट ठेवा.
कुठल्याशा थंड खोलीत कुणीतरी
या वळूच्या बीजातलं एकच अक्षर कातरलं होतं.
वासराच्या अंगावर केस आखूड येतील,
ऊन सोसेल.

डोमाजी अवथळ्याच्या कोठ्यात चांदी उभी होती,
गवळाऊ, पांढरी, लांब तोंडाची, माजावर.
देवाच्या कामात हात घालता का, असं तो विचारेल
म्हणून मी उत्तर घोकून आले होते.
तो म्हणाला,
"माह्या आज्यानं पयनारे गोऱ्हे ठेवले,
बाकीचे बडोले. खाली दगड, वर दगड.
आता ही चपळ हाय, ते का हिनं ठरोलं?
तुमच्या कातरीले आवाज नाही, एवळंच."

मी हातमोजा खांद्यापर्यंत ओढला.

त्याची नात रेणुका, दहावीतली,
भिंतीला टेकून विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसलेली.
"मॅडम, मंग हे उत्क्रांती होय का?
इथं देलं हाय, निवड निसर्ग करतो."
माझा हात गाईच्या आत होता,
बोटांना गर्भाशयाचं तोंड नुकतं लागलेलं.
अशा वेळी बोलता येत नाही.
"आन् आपण काय निसर्गाच्या बाहेर बसलो,
खुर्ची टाकून?"

नऊ महिने नऊ दिवस.
कालवड झाली. चांदीनं चाटून वाळवल्यावर
पाठीवरून हात फिरवला तर सरकन घसरला.
रेणुकानं नाव ठेवलं, साबणी.

उन्हाळ्यात सगळा कळप मोहाखाली धापा टाकत बसायचा,
साबणी उन्हात चरायची, एकटी.
"हिले ऊन समजत नाही," डोमाजी म्हणायचा,
"आन् सोबतही."
गोचिडांना तिच्या अंगावर लपायला जागाच नव्हती.
पंधरा दिवसांनी ते मला सापडले
तिच्या कानाच्या आतल्या घडीत.
त्यांना कुणी कांडी दिली नव्हती.

तिसऱ्या वर्षी ती माजावर आली
तेव्हा नाला चढलेला, मी दोन दिवस अडकले.
तिच्यासाठी राखलेली कांडी, नंबरासकट,
उणे एकशे शहाण्णववर वाट पाहत राहिली.
साबणीनं नाही पाहिली.
पल्याडच्या बरड्यावर कुणाचा तरी एकशिंगी,
दगडातून सुटलेला, बेवारस हिंडत होता.

गोऱ्हा झाला.
केस आखूड.
एका डोळ्याभोवती काळं, जे आमच्या कुठल्याच कागदात नाही.

साहेब फोनवर म्हणाले, बापाचा रकाना रिकामा ठेवू नका,
काहीतरी टाका, पोर्टल पुढं जात नाही.
मी पेन टेकवलं, उचललं.
रेणुका आता वर्ध्याला नर्सिंगला. तिला फोटो पाठवला.
दुपारभर उत्तर नाही. मग दोनच शब्द:
"मॅडम, आता?"

वर्ष उलटलं, रकाना तसाच.
काल गेले तर गोऱ्हा भर दुपारी
तापल्या मुरमावरून सुसाट सुटलेला,
शेपूट वर, मागं कोणी नसताना.
कोठ्याच्या दारात डोमाजी उकिडवा,
पायाशी आज्याच्या वेळचे ते दोन दगड,
मधोमध झिजलेले.
एकावर त्यानं चिलीम झाडली.

"बाई," तो म्हणाला, डोळे गोऱ्ह्यावरून न काढता,
"याले बडवाचा, का ठेवाचा?"