उचल

बातमीदार आला. हॅट मांडीवर, पेन्सिल जिभेवर ओली करत म्हणाला,
निन्फाबाई, तुमचा भाऊ असा कसा झाला?
अगदी मुळापासून सांगा.

मी आधी कॉफी ठेवली.

मूळ सोम्मातिनोला. गंधकाची खाण.
आमच्या बापाला, लिबोरियोला, सातव्या वर्षी
त्याच्या बापानं दीडशे लिरांवर तिथं दिलं.
विकलं म्हणायचं नसतं. उचल म्हणतात.
पैसे फिटेस्तोवर पोर मुकादमाचं.
पोरानं दगड उचलायचे, पाठीवर, अंधारातून वर,
उघड्या अंगानं, कारण खाली
कपडे टिकत नाहीत.

उचल फिटली नाही. पोर वाढलं ते कलतं.
उजवा खांदा डाव्याहून चार बोटं खाली.
पिट्सटनचा कोळसा पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसले,
पिवळा तरी नाही, म्हणाले.

आई त्यांचे शर्ट शिवायची, एक बाजू आखूड.
तेच जुने झाले की अक्कुर्सियोला.
धडधाकट, सरळ खांद्यांचा माझा भाऊ
शाळेत वाकडा दिसायचा.
हे लिहू नका, म्हटलं. त्यानं लिहिलं.

पगार शनिवारी, भूक शुक्रवारी.
मधल्या एका रात्रीत माझ्या भावानं
दुकान थाटलं. पाच डॉलर न्या, सहा आणा.
पुढं ट्रक आले, दारू आली, माणसं आली,
ते तुमच्याच पेपरात आहे.

वहीचं नाही सांगितलं.
वही मी लिहायचे. माझं अक्षर चांगलं.

योनास नावाच्या लिथुआनियन खाणवाल्याचंही नाही सांगितलं.
बत्तीस डॉलर थकले होते. त्यानं पोरगा पुढं केला,
कामाला ठेवा, फिटेस्तोवर.
बाबा शेगडीपाशी होते. उठले.
बोलले काही नाहीत. पोराच्या उजव्या खांद्यावर
हात ठेवला, मग डाव्या,
मग पुन्हा उजव्या. जणू मापं घेत होते.
भाऊ माझ्याकडं बघून म्हणाला, लिही.

मी लिहिलं. नाव, वय सात, बत्तीस.

बाबा त्या दिवसापासून आमच्यात जेवले नाहीत.
भावाला पोलिसांनी उचललं तेव्हाही
त्यांनी मान वर केली नाही.

बातमीदारानं वही मिटली.
म्हणजे गरिबी, असंच ना?

मी त्याचा कप उचलला.