प्रश्न एकशे चौदा

वस्तूचं नाव आपण घ्यायचं नाही, असा नियम.
म्हणून मी नुसतं बोट दाखवतो
खिडकीबाहेरच्या ओढ्याकडे.
"बेक," म्हणते हेप्झिबा रॉ, वय एक्याऐंशी,
आणि हजार वर्षांपूर्वीचा नॉर्वेकडचा कुणी खलाशी
बूट न काढता स्वयंपाकघरात येतो.

रीळ फिरतंय. चहा गार.
लीड्सहून आणलेल्या वहीत पुढचा प्रश्न :
'तू'साठी जुना शब्द, अजून वापरात?

"छे, गेला तो. देवाशी बोलताना, तेवढाच.
तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला ठाऊक."
मी लिहितो : नामशेष.

इतक्यात दार ढकलून कुत्री येते, चिखलासकट.
"दा! दा परत मेंढ्यांत लोळलीस?"
मग भिंतीवरच्या नवऱ्याकडे वळून,
"दा लाडावून ठेवलंस हिला."
माझं पेन तसंच, हवेत.

निघताना अंधार पडलेला.
ती माझ्या कोटाचं वरचं बटण लावते,
"दा जपून जा. दगड निसरडे आहेत."

रीळ केव्हाच संपलं होतं,
सुटलेलं टोक फटफट आपटत होतं.

खाली फाट्यावर, बसची वाट बघत
मी तो शब्द पुटपुटून पाहतो.
लीड्समध्ये कुणाला म्हणावा,
आठवत नाही.