रिकामी जागा

रात्रीचे पावणेदोन. लष्कर, दौलतगंज.
खालच्या गजकवाल्याचं शटर केव्हाच पडलंय
आणि सर्व्हर पुन्हा म्हणतोय: चारशे एक.
म्हणजे, तू कोण ते पटलं नाही.

माझ्या पायथनमधून विचारलं की उघडतो.
तीच किल्ली, तोच मजकूर,
तोमरच्या जावामधून गेलं की नाही.
"चाबी तो वही है, मॅडम," तोमर फोनवर.
"वही है," मी म्हणते.

किल्ली पाठवायची नसतेच कधी.
तिच्यात मजकूर कालवायचा, घुसळायचा,
आणि चौसष्ट अक्षरांचा चोथा उरतो
तेवढा धाडायचा.
पलीकडचाही आपल्या घरी तसंच कालवतो.
चोथा जुळला, तर तू तू.

घड्याळ तपासलं. दोन मिनिटं पुढे,
तेवढं माफ असतं.
किल्लीच्या शेपटाला चिकटलेली नवी ओळ? नव्हती.
चहा केला. साखर विसरले.

अडीचला लघाटे सर आठवले.
जनकगंजात शनिवारी मोडी शिकवायचे,
आम्ही तिघं, त्यातला एक झोपायचा.
एका जुन्या पावतीवर बोट ठेवून म्हणाले होते,
ही लेखनसीमा. हिच्यापुढे कुणी ठिपका जरी घातला
तरी तो चोर.
आणि हा शिक्का. मोर्तब सुद.
मी विचारलं, सर, पण शब्द तुटतात कुठे?
तुटत नाहीत, म्हणाले.
आधी रेघ ओढायची पानभर,
मग तिला अक्षरं टांगत जायचं.
रिकामी जागा मोडीला परवडत नाही.

रिकामी जागा.

दोन्ही मजकूर एकाखाली एक मांडले.
पेशंटचं नाव वत्सला मुळे
(फॉर्मवर "मुले", ळ इथे कुणाला सापडत नाही).
नाव आणि आडनावामधल्या पोकळीला
पायथननं लिहिलं होतं टक्का-वीस,
जावानं अधिकचं चिन्ह.
बस. जिथे काहीच नव्हतं
तिथे दोघं वेगळं बोलले होते.

पुण्यात चुलतबहिणीच्या लग्नात
मी म्हटलं, "भेटून फार खुशी झाली,"
आणि एका काकूंनी हसून विचारलं,
तुम्ही मूळच्या कुठल्या?
ग्वाल्हेरच्या, म्हटलं. सहा पिढ्या.
त्या "अच्छा" म्हणाल्या, पण त्याआधी थांबल्या जरा.
ते थांबणं कशात लिहायचं
मला अजून ठरवता आलेलं नाही.

तोमरला उठवलं. एका ओळीचं काम.
तीन वाजून आठ मिनिटांनी: दोनशे.
वत्सलाबाईंच्या रक्तातली साखर
दिल्लीच्या डॉक्टरकडे पोचली,
आडनाव चुकलेलं,
सही बरोबर.

"सो जाइए मॅडम," तोमर म्हणाला.
हो, म्हटलं. मराठीत.
त्याला कळलं.